वाँग किम आर्क, कागदी मुलगे आणि माझ्या शेजारच्या आजी

रानजाई

लेकीचा पासपोर्ट नव्याने करायचा होता म्हणून मागच्या महिन्यात तिचा जन्मदाखला शोधत होते. ती २०१९ साली इथेच, कॅलिफोर्नियात जन्मली. मी आणि नवरा अजून एच-१बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेत. घरात तिघं माणसं आणि अमेरिकन नागरिक एकटी ती. दाखला हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात शेजारच्या आजी लिंबं द्यायला आल्या. त्या चिनी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. माझ्या हातातला कागद बघून म्हणाल्या, "याच्या दोन प्रती काढ आणि एक घराबाहेर ठेव. आमच्या घरात कागदाला देवासारखं जपायचे." त्या दुपारी त्यांनी जे सांगायला सुरुवात केली, ते अजून संपलेलं नाही. मधल्या काळात मीही बरंच वाचलं. ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. लांबेल, पण वाचा.

सुरुवात वाँग किम आर्कपासून. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे त्याचा जन्म १८७३ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधला, सॅक्रामेंटो स्ट्रीटवर. आईवडील दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या तोइसानचे (आता नकाशावर तैशान लिहितात), इथे दुकान चालवायचे. १८९० च्या सुमारास ते कायमचे गावी परतले. मुलगा मात्र इथेच राहिला आणि आचाऱ्याचं काम करू लागला. १८९४ मध्ये तो घरच्यांना भेटायला गेला. निघण्यापूर्वी त्याने एक कागद करून घेतला होता: त्याचा फोटो, आणि हा माणूस याच शहरात जन्मला असं लिहून खाली गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या. चिनी साक्षीदाराच्या शब्दाला तेव्हा किंमत नव्हती.

ऑगस्ट १८९५ मध्ये 'कॉप्टिक' जहाजाने तो परत आला, तर बंदराच्या कस्टम अधिकाऱ्याने उतरू दिलं नाही. म्हणे जन्म इथे झाला असेल, पण आईबाप चीनच्या बादशहाची प्रजा, मग हाही चिनीच. पुढचे काही महिने या माणसाला किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या एका जहाजावरून दुसऱ्यावर हलवत ठेवलं. स्वतःचं गाव डोळ्यांसमोर आणि पाय पाण्यावर. चिनी लोकांच्या 'सहा कंपन्या' नावाच्या संघटनेने वकील दिले. जानेवारी १८९६ मध्ये जिल्हा न्यायाधीशाने त्याच्या बाजूने निकाल दिला, सरकार वर गेलं, आणि २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल हे अमेरिकन नागरिक. आईवडिलांचा वंश कोणता आणि राजा कोणता याचा संबंध नाही. आधार होता १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा, जी मुळात गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी झाली होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या आईवडिलांच्या पोटी तो जन्मला, त्यांना अमेरिकन नागरिक होण्याचा मार्गच नव्हता. चिनी माणसाला अर्ज करून नागरिकत्व मिळायला १९४३ साल उजाडावं लागलं. म्हणजे बाप जन्मभर परका आणि मुलगा जन्मतः नागरिक. आमच्या घरातली वाटणी हीच आहे, म्हणून मला ते इतकं लागलं. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्षांचा जो आदेश निघाला, त्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या नवजात मुलांना नागरिकत्व न देण्याचं होतं. म्हणजे एच-१बीवाल्यांची मुलंही त्यात आली. त्या आदेशाविरुद्ध लगेच खटले उभे राहिले आणि प्रत्येक खटल्यात या आचाऱ्याचं नाव होतं. आपल्या किती मराठी घरांतली बाळं त्याच्या भांडणावर नागरिक झाली असतील, आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नाही.

हे लोक आले कुठून आणि का? तोइसान हा डोंगराळ, नापीक मुलूख. पिकणारं धान्य वर्षभर पुरायचं नाही. त्यात अफूची युद्धं, तायपिंगचं बंड, आणि तिथलेच मूळ रहिवासी व बाहेरून येऊन वसलेले हाक्का लोक यांच्यातल्या मारामाऱ्या. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी हाँगकाँगमार्गे पोचली आणि अमेरिकेचं नावच पडलं 'गम सान', सोन्याचा डोंगर. जहाजाचं भाडं उसनं काढून पोरं निघाली. सोनं थोड्यांनाच मिळालं. मग हजारो लोक सेंट्रल पॅसिफिक रेल्वेवर लागले, सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडून त्यांनीच बोगदे काढले. १८६९ मध्ये रूळ जुळले, काम संपलं, मंदी आली, आणि "चिन्यांनी आमची कामं पळवली" ही ओरड सुरू झाली. १८७५ च्या कायद्याने चिनी बायकांचं येणं जवळजवळ बंद केलं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक तेवढे वगळले. एका देशाच्या लोकांचं नाव घेऊन केलेला अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. आपल्या आनंदीबाई जोशी त्यानंतर वर्षभराने, १८८३ मध्ये, न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण कायद्यात अजून फक्त चिनी होते.

आता कागदी मुलगे. वाँगच्या निकालानंतर दोन दारं किलकिली राहिली: इथे जन्मलेला तो नागरिक, आणि नागरिकाचा चीनमध्ये जन्मलेला मुलगाही नागरिक. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या. अनेकांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं आणि खोटं ठरवायला कागद उरला नव्हता. असा नागरिक गावाला जाऊन आला की बंदरावर सांगायचा, मला मुलगा झाला. त्या नोंदीने एक जागा तयार व्हायची. खरा मुलगा नसला तर ती जागा पुतण्याला, भाच्याला, नाहीतर शेजारच्या गावातल्या पोराला विकली जायची. भाव वयावर, दर वर्षाला साधारण १०० डॉलर. पोरगा नवं नाव, नवा बाप, नवं गाव पाठ करून जहाजात बसायचा. पाठांतराची वही असायची, ती बंदर यायच्या आत समुद्रात टाकायची.

सरकारला हे माहीत होतं, म्हणून १९१० मध्ये खाडीतल्या एंजल आयलंडवर तपासणीचं ठाणं उघडलं. गोऱ्या प्रवाशांचे कागद बहुतेक जहाजावरच बघून सोडायचे, चिन्यांना बेटावर. दोन-तीन आठवडे, काहींना कित्येक महिने. आजींचे वडील १९३० च्या दशकात तिथे आले, वय १३. ते कागदी मुलगा होते.

गेल्या शनिवारी आम्ही दोघी टिबुरॉनहून फेरीने गेलो. आयाला कोव्हला उतरून डोंगराच्या कडेकडेने चायना कोव्हपर्यंत चालायचं. आजी मध्ये दोनदा बसल्या, पण गाडीत बसायला तयार नव्हत्या. बराकीत लोखंडी खांबांना टांगलेले पलंग, एकावर एक तीन. आणि भिंतींवर कविता. लाकडात कोरलेली चिनी अक्षरं, दोनशेहून जास्त कविता. सरकारने त्यांवर रंगाचे हात मारले, तरी रंगाखालून अक्षरांचे खड्डे दिसतात. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरलेली असताना पार्कच्या एका रेंजरच्या टॉर्चच्या उजेडात त्या दिसल्या म्हणून वाचल्या. आजींनी हात मागे बांधून, भिंतीला न शिवता, एक एक ओळ वाचली. कुठे अक्षर अडलं की थांबायच्या. मला चिनी येत नाही, पण त्या काय वाचत होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावर कळत होतं.

सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्यांनी वडिलांची फाइल काढली आहे. तिची झेरॉक्स त्यांनी मला दाखवली. तेरा वर्षांच्या पोराला दोन अधिकारी, एक दुभाषा आणि एक टंकलेखक यांच्यासमोर बसवून विचारलेले प्रश्न: तुमचं घर ओळीत कितवं? दार कुठल्या दिशेला? तांदळाचा रांजण कुठे असतो? समोरच्या घरात कोण राहतं, त्याला मुलं किती? विहीर कुठे? माळ्यावर जायला किती पायऱ्या? पोरगा म्हणाला पाच. 'बाप' वेगळ्या खोलीत म्हणाला सहा. पोराला पुन्हा बोलावलं. फाइलमध्ये टाइप केलेलं उत्तर आहे: खालची पायरी जमिनीत रुतली आहे, म्हणून मी ती मोजली नाही. त्या एका उत्तराने तो सुटला. आजी म्हणतात, "वहीत एवढं लिहिलेलं असणं शक्यच नाही. माझ्या बापाने ते तिथे बसून रचलं." पान संपतं तिथे त्याची सही आहे, अजून हात न बसलेली, आणि ती त्याच्या स्वतःच्या नावाची नाही.

---

चाफेकळी

रानजाई, पायऱ्यांच्या उत्तरापाशी थांबले. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. पुन्हा वरून वाचलं.

वाँग किम आर्कचं पुढे काय झालं? खटला जिंकल्यावर तरी त्याला सुखाने राहू दिलं का?

---

रानजाई

चाफेकळी, नाही. १९०१ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला त्याला अटक झाली, बेकायदा चिनी म्हणून. ज्याच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्याला पुन्हा एकदा आपण नागरिक असल्याचं सिद्ध करावं लागलं. पुढेही दर वेळी चीनला जाताना तोच अर्ज, तोच फोटो, त्याच साक्षी.

बायको गावाकडेच राहिली. हा काही वर्षांनी जायचा, काही महिने राहायचा, परत यायचा. मुलं अशी त्या फेऱ्यांतून झाली. १९१० मध्ये थोरल्या मुलाला त्याने बोलावलं. बेटावर दोघांची वेगवेगळी जबानी झाली, उत्तरं जुळली नाहीत, आणि हा तुझा मुलगा नव्हे असं ठरवून पोराला परत पाठवलं. बाप आपल्या घरात आयुष्यातले थोडेच महिने राहिलेला. घरातल्या गोष्टींची त्याची उत्तरं मुलाशी जुळणार कशी? मला यातलं सगळ्यात कडू हेच वाटतं. आधी कायद्याने कुटुंब तोडलं आणि मग तुटलेलं आहे म्हणून ते कुटुंबच नाही असं लिहिलं.

नंतर १९२४ ते १९२६ मध्ये आणखी तिघांना त्याचे मुलगे म्हणून प्रवेश मिळाला. धाकटा अकरा वर्षांचा होता. तोच पुढे दुसऱ्या महायुद्धात भरती झाला आणि नंतर अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवर नोकरी केली. वाँग स्वतः १९३१ मध्ये चीनला गेला तो परतला नाही. तिकडेच वारला.

---

सह्यगिरी

लेख मनापासून लिहिला आहे, पण एक खटकलं ते बोलतो. मी चौदा वर्षं रांगेत आहे. दर तीन वर्षांनी मुदतवाढ, वडील गेले तेव्हा, भारतात व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत येता येणार नाही या भीतीने जाता आलं नाही. एकही कागद खोटा दिला नाही. वाँग किम आर्कचं सगळं मान्य, तो खरा नागरिक होता. पण खोट्या नावाने, पैसे देऊन बाप विकत घेऊन आलेल्यांबद्दल एवढा जिव्हाळा का? आज एखाद्या कन्सल्टन्सीने खोटा अनुभव लिहून माणूस आणला तर आपणच त्याला शिव्या घालतो, आणि बरोबर करतो, कारण त्याचा फटका खरं सांगणाऱ्याला बसतो.

---

रानजाई

सह्यगिरी दादा, वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. तुमचा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून टाळत नाही.

तुमची-माझी रांग कितीही लांब असली तरी रांग आहे. त्या पोरांना रांगच नव्हती. तोइसानमधल्या शेतकऱ्याच्या मुलाने कुठल्या खिडकीवर कुठला फॉर्म भरायला हवा होता? तशी खिडकीच नव्हती. १८६८ च्या करारात दोन्ही देशांनी एकमेकांच्या लोकांना ये-जा करायला मोकळीक दिली होती. ती अमेरिकेने १८८२ मध्ये मोडली. १८८८ मध्ये तर परतीचा दाखला खिशात असलेल्या सुमारे वीस हजार चिनी मजुरांना परत येऊ दिलं नाही. त्यांनी नियमाप्रमाणे दाखला घेतला होता, त्याचा काय उपयोग झाला? १९४३ मध्ये कायदा रद्द केला तेव्हा कोटा ठेवला वर्षाला १०५ माणसांचा. सगळ्या जगातल्या चिन्यांसाठी मिळून १०५.

खोट्याचा फटका खऱ्याला बसतो हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. वाँगच्या थोरल्या मुलाला तोच बसला.

---

निळावंती

कागदी नावाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, त्याबद्दल थोडं. १९५६ पासून सरकारने 'कबुली योजना' आणली. येऊन खरं सांगा, शक्य असेल तर राहू देऊ. १९६५ पर्यंत जवळपास १४ हजार लोकांनी कबुली दिली. गोची अशी की एकाने कबूल केलं की त्या कागदावरचे सगळे उघडे पडायचे: कागदी बाप, कागदी भाऊ, त्यांची मुलं. कम्युनिस्ट चीनच्या भीतीचे दिवस, त्यात डाव्या विचारांच्या लोकांविरुद्ध या कबुल्या वापरल्या गेल्या. एकाच घरात एक भाऊ म्हणे सांगून टाकू, दुसरा म्हणे माझ्या पोरांचं काय. कित्येकांनी खरं नाव परत घेतलं, कित्येकांनी आडनावाचं ओझं तसंच पुढे दिलं. आज अमेरिकेतल्या काही चिनी घरांत चुलत भावंडांची आडनावं वेगवेगळी असतात ती यामुळे.

आजींच्या वडिलांनी कबुली दिली का?

---

रानजाई

निळावंती, नाही दिली. त्यांचा कागदी भाऊ लाँड्री चालवायचा, त्याला पाच मुलं होती. त्याने हात जोडले म्हणून हे गप्प बसले. आजींना शाळेत एक आडनाव आणि घरात दुसरं. सहा-सात वर्षांच्या असताना आईने सांगितलं होतं, शाळेतलं खोटं आहे, घरातलं खरं आहे, आणि हे कुणाला सांगायचं नाही. दारावर अनोळखी गोरा माणूस आला की त्या पलंगाखाली जायच्या. कुणी शिकवलं नव्हतं.

वडील कोल्माच्या स्मशानभूमीत आहेत. दगडावर इंग्रजीत कागदावरचं नाव आणि चिनी अक्षरांत खरं नाव. तिथे असे पुष्कळ दगड आहेत.

---

कावेरी_म

मला वाँगच्या बायकोबद्दल विचारायचं होतं. नाव काय तिचं?

---

रानजाई

कावेरी, कागदोपत्री 'यी शी'. यी हे माहेरचं घराणं आणि शी म्हणजे 'त्या घराण्यातली'. एवढंच. तिचं स्वतःचं नाव सरकारी फाइलींत दिसत नाही.

---

कावेरी_म

म्हणजे सासरचे सगळे जहाजांच्या याद्यांत, निकालपत्रात, फोटोत, आणि जिने एकटीने ती पोरं वाढवली ती 'यींची मुलगी'. लग्नात माझं नाव बदललं तेव्हा तांदळात लिहिलेलं नवं नाव सगळ्यांनी वाचलं आणि जुनं ताट हलवताना पुसलं गेलं, ते डोळ्यांसमोर आलं.

---

दूरदेशी

मी नोकरीनिमित्त ग्वांगझौला दोन वर्षं होतो. तोइसानला लागून काइपिंग आहे, तिथल्या झिली गावात गेलो होतो. सोन्याच्या डोंगरावरून आलेल्या पैशाचं काय झालं ते तिथे दिसतं. भातशेतीच्या मधोमध चार-पाच मजली सिमेंटचे बुरूज उभे. तळाला जाड भिंती, लोखंडी झडपा, बंदुकीसाठी फटी. वरच्या मजल्यावर मात्र युरोपातल्यासारखे खांब, कमानी, घुमट. दियाओलोऊ म्हणतात. परदेशातून पैसा येतो हे कळल्यावर दरोडेखोर यायचे, पोरं पळवायचे, म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधले. पुराच्या वेळीही वर चढून बसायचं. बहुतेक १९२० आणि ३० च्या दशकांतले. सुमारे १८०० अजून उभे आहेत, २००७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

त्यातल्या एका घरात भिंतीवर कुटुंबाचा फोटो पाहिला. मधे आई, कडेला मुलं. बाप परदेशी, म्हणून त्याचा वेगळा काढलेला फोटो वरच्या कोपऱ्यात चिकटवलेला. पैसा आणि पत्र एकाच पाकिटात यायचं, त्याला तिकडे 'चांदीचं पत्र' म्हणतात. अमुक इतके डॉलर, पैकी आईला इतके, काकांना इतके, शाळेच्या वर्गणीला इतके, असा हिशेब आणि खाली दोन ओळी ख्यालीखुशाली.

तोइसानला तर रेल्वे आली ती अशाच पैशातून. सिएटलमध्ये मजूर पुरवण्याचा धंदा केलेला चिन गी ही नावाचा माणूस म्हातारपणी गावी परतला, परदेशातल्या गाववाल्यांकडून भांडवल गोळा केलं आणि १९०६ मध्ये रूळ टाकायला घेतले. ज्यांनी अमेरिकेत रेल्वे बांधली त्यांच्याच गावची ही रेल्वे. जपानी आले तेव्हा त्यांच्या हाती लागू नये म्हणून ती उखडून टाकावी लागली.

---

माझगावकर

नमस्कार. मी नेहमी वाचतो, लिहीत नाही. पण 'काइपिंग' आणि 'तोइसान' वाचून राहवलं नाही.

मी जन्मापासून माझगावचा, आता वय ७१. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर नवाब टँक रोडला एक चिनी देऊळ आहे. लाल रंगाचं, साध्या इमारतीतलं, माहीत नसेल तर पुढून निघून जाल. १९१९ मध्ये बांधलेलं. त्याचं नाव 'सी यप'. लहानपणी आम्हाला वाटायचं ते देवाचं नाव. आमचे वडील गोदीत होते, त्यांनी सांगितलं होतं की सी यप म्हणजे 'चार तालुके'. हे चार तालुके म्हणजे तोइसान, काइपिंग, शिनहुई आणि एनपिंग. म्हणजे रानजाईताईंच्या शेजारणीच्या मुलखातलीच माणसं इकडे मुंबईच्या गोदीतही आली होती! एकाच गावातून एक भाऊ सोन्याच्या डोंगराकडे गेला असेल आणि दुसरा जहाजावर काम करता करता माझगावला उतरला असेल.

खाली करुणेची देवी क्वान यिन, लाकडी जिन्याने वर गेलं की क्वान कुंग, लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा योद्धा. शब्द पाळणारा देव म्हणून त्याला मानतात. आमच्या लहानपणी चिनी नववर्षाला रात्री गर्दी असायची, आम्ही पोरं फटाके बघायला जायचो. १९६२ नंतर घरं रिकामी होत गेली. माझ्या वर्गातला एक चिनी मुलगा, त्याच्या वडिलांचं पादत्राणांचं दुकान होतं, एक दिवस शाळेत आलाच नाही. बाईंनी हजेरीत त्याचं नाव दोन-तीन दिवस घेतलं, मग घ्यायच्या थांबल्या.

---

सह्यगिरी

माझगावकर काका, हे माहीत नव्हतं. १९६२ ला नक्की काय झालं होतं?

---

टोरांटोची_मीरा

मी सांगते, कारण इथे माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, शिलाँगची चिनी. युद्धानंतर आपल्या सरकारने भारत संरक्षण कायद्याखाली सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. बहुतेक आसाम, मेघालय, दार्जिलिंग, कोलकात्याकडचे. त्यातले पुष्कळ भारतातच जन्मलेले, हिंदी-बंगाली-खासी बोलणारे. काहींना वर्षानुवर्षं ठेवलं, काहींना जहाजात बसवून चीनला पाठवलं, जो देश त्यांनी पाहिलेलाही नव्हता. सुटून आले तेव्हा घरं-दुकानं लिलावात गेलेली. नंतर बरेच जण इकडे टोरांटोला आले. माझी सहकारी डब्यात अजून भात आणि डाळ आणते.

वाँग किम आर्कला बंदरावर जे सांगितलं, की आईबाप चिनी म्हणून तूही चिनी, तेच आपण सदुसष्ट वर्षांनी आपल्या माणसांना सांगितलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

---

चाफेकळी

एंजल आयलंडवर आपले लोकही होते का?

---

निळावंती

होते, मुख्यतः पंजाबी. वैष्णो दास बगाई पेशावरचे, १९१५ मध्ये बायको कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले, बेटावर अडवले गेले, मग सुटले. १९२१ मध्ये नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं आणि सरकारने बगाईंना मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं. दुकान गेलं, घर गेलं. १९२८ मध्ये बगाईंनी आत्महत्या केली. १९१७ च्या कायद्याने तर हिंदुस्थानाला सरसकट दार बंद केलं होतंच. चिन्यांवर घासून धार लावलेलं हत्यार मग आपल्यावर चाललं.

---

सह्यगिरी

रानजाई, दोन दिवस विचार केला. खोटा कागद खोटाच, हे माझं मत बदललेलं नाही. पण त्या पोराची सही सारखी आठवते. तेराव्या वर्षी मी कराडला सायकल शिकत होतो. आजींना माझा नमस्कार सांगा. आणि फाइल कशी मागवायची ते सांगाल का? माझ्या ऑफिसातल्या एका चिनी मित्राला त्याच्या आजोबांबद्दल काहीच माहीत नाही.

---

रानजाई

सांगितला. त्यांनी तुमच्या वडिलांबद्दल विचारलं. सॅन ब्रुनोला ईमेल करून नाव, जहाज आणि आल्याचं साल द्यायचं. नाव कागदावरचं द्यायचं, खऱ्या नावाने फाइल सापडत नाही. मित्राच्या घरी जुनी पत्रं असतील तर आधी ती बघायला सांगा.

---

माझगावकर

रानजाईताई, एक विचारू का? आजींचे वडील चार तालुक्यांपैकी कुठले?

---

रानजाई

काका, विचारून आले. काइपिंगचे, त्या होइपिंग म्हणतात. कागदावर मात्र तोइसान लिहिलेलं होतं, गावही दुसऱ्याचंच पाठ केलेलं. माझगावच्या देवळाचं त्यांना सांगितलं तर विश्वास बसेना, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवायला लावला. परवा छिंगमिंग, त्यांची कबरी साफ करायची तिथी. लेकीला आणि मला कोल्माला बोलावलं आहे. दगडाचा फोटो पाठवायला त्यांनी परवानगी दिली आहे, तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने पाठवते.

---

माझगावकर

फोटो मिळाला. आज सकाळी देवळात जाऊन आलो. जिना आता मला जड जातो, नातू बरोबर होता. वर क्वान कुंगासमोर तीन उदबत्त्या लावल्या, होइपिंगच्या त्या पोराच्या नावाने. खरं नाव मला वाचता येत नाही, म्हणून मोबाइलवर तो फोटो उघडला, चिनी अक्षरं मोठी केली आणि फोन देवासमोर धरला.